खिशातला जुना सेल

निघताना बायकोने दारातच अडवून आठवण करून दिली, "आज तरी तो वजनकाट्याचा सेल आणा हो. डॉक्टर दर वेळी विचारतात वजन किती, आणि मी आपली छताकडे बघत बसते."

"आणतो," म्हणून मिस्त्री बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि वाकला तो तसाच बसून राहिला. नाडी बांधून झाली होती. उठायचं तेवढं राहिलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. दमलोय."

"आत्ताशी तर उठलात. कशाने दमलात?"

कशाने, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गेली कित्येक वर्षं नव्हतं. रक्त तपासून झालं, छातीचा आलेख काढून झाला, सगळं जिथल्या तिथे होतं. डॉक्टर म्हणाले वय झालं, बायको म्हणाली आळस. गंमत अशी, की गेल्या वर्षी मेहुणीच्या गावी जाऊन राहिला तेव्हा हाच माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता. तिथली हवा मानवली, असं ठरलं. परत येऊन दुकानाचं शटर वर केलं आणि तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पुन्हा खांदे उतरले.

दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती व देखभाल' असं ऐसपैस लिहिलेलं होतं, पण हातातल्या हत्यारांच्या पिशवीमुळे सगळा भाग त्याला मिस्त्रीच म्हणायचा. त्यालाही ते आवडायचं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल, खोललेल्या मशिनांची रांग आणि वरच्या फळीवर कॉफीची एक मोठी रिकामी बरणी. रिकामी म्हणायची पद्धत, एवढंच. तिच्यात जुने सेल होते. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात, मुख्य बोर्डावर, नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. मशीन बंद असलं, वायर काढलेली असली, तरी तो सेल आतलं घड्याळ चालू ठेवतो आणि मालकाने केलेल्या सेटिंगा लक्षात ठेवतो. तो बदलला की जुना कचऱ्यात टाकू नये म्हणतात. भंगारवाला घेत नव्हता. म्हणून मिस्त्री तो शर्टाच्या खिशात टाकायचा आणि संध्याकाळी बरणीत. बरणी गळ्यापर्यंत भरत आली होती.

आणि यातले बरेचसे सेल कुठून आले होते, तर माणूस गेलेल्या घरांतून. माणूस जातो, मशीन मागे राहतं आणि पासवर्ड जाणाऱ्याबरोबर जातो. मग घरचे मिस्त्रीला बोलावतात. मिस्त्री सेल काढतो, बोर्डाची आठवण पुसतो, नवा सेल घालतो, आणि मशीन कोणाचंच नसल्यासारखं नव्याने सुरू होतं. हे काम तो झोपेतही करू शकला असता. हल्ली तर झोपेतच करायचा.

त्या दिवशी दोन नवे सेल घेऊन तो निघाला. एक कामासाठी, एक बायकोच्या काट्यासाठी. दोन्ही पाकिटातच, पिशवीच्या छोट्या कप्प्यात.

*

जेवणं उरकायच्या सुमाराला तो त्या घरी पोचला. लेक जिन्यातच उभी होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिने दार मागे ओढून घेतलं होतं.

"दादा, आधी इथेच सांगते. बाबांना जाऊन तीन महिने झाले. त्यांचा कॉम्प्युटर रोज पावणेपाचला आपोआप चालू होतो. आई चहा घेऊन त्याच्यापुढे बसते आणि बोलते. त्यांच्याशी."

"आपोआप म्हणजे सेटिंग असेल," मिस्त्री म्हणाला. "ठरल्या वेळेला मशीन स्वतः उठतं. गजरासारखं."

"तेच. बाबांनीच करून ठेवलं होतं. शेवटी बोटं चालेनात, बटण दाबता येईना, म्हणून. मशीन उठायचं, जुने फोटो एकामागून एक सुरू व्हायचे, आणि दोघं चहा पीत बघत बसायची. आता मी आईला माझ्याकडे न्यायला आले, तर ती म्हणते, पावणेपाचला मला इथेच असावं लागतं. मला नोकरीवर परत जायचंय, दादा. तिला इथे एकटीला कशी ठेवू?"

"मग मशीन विकून टाका ना."

"जन्मभर बोलणार नाही ती माझ्याशी. फक्त ते आपोआप चालू होणं बंद करा. एकदा तिला दिसू दे की ती साधी सेटिंग होती."

यात लेकीचं काही चुकत नव्हतं, असं मिस्त्रीला वाटलं. त्याला खरं तर लवकर आटोपून घरी जायचं होतं.

खोलीत शिरताच वास आला तो दुखण्यावर चोळायच्या मलमाचा. खिडकीजवळ टेबल, टेबलावर मशीन, आणि समोर दोन खुर्च्या. एकीवर उशी होती. दुसरीवर काकू बसल्या होत्या. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि खुर्ची जरा मागे घेतली. आपल्याला कोणी विचारलं नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

मिस्त्रीने मशीन चालू केलं आणि सेटिंगांच्या पानावर गेला. पान बघू देत होतं, बदलू देत नव्हतं. बदलायला पासवर्ड लागत होता. पण दिसत सगळं होतं: रोज उठायची वेळ पावणेपाच, आणि वर कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ. त्याने सवयीने मनगटाकडे पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

"घड्याळ चोख ठेवलंय काकांनी," तो म्हणाला.

"ते कसं काय चोख राहतं कोण जाणे," लेक म्हणाली. "मी रोज झोपताना प्लग काढून ठेवते. दुपारी आई पुन्हा लावते."

पुसण्याआधी या पानांचे फोटो काढून ठेवायचे असतात. कुठली सेटिंग कशी होती हे नंतर आठवत नाही. मिस्त्रीचा हात फोनकडे गेला आणि मध्येच परत आला. काय फोटो काढायचे, एका सेटिंगसाठी! त्याने मशीन बंद केलं आणि बाजूचं झाकण उघडलं.

"दुखणार नाही ना?" काकूंनी विचारलं.

"भूल दिलीय, काकू."

काकू हसल्या. हसल्यावर त्या एकदम बोलायला लागल्या, जणू कोणी परवानगी दिली होती. "यांना भूल चढायची नाही. हट्टी माणूस. शेवटी शेवटी एकेचाळीस किलो राहिले होते, तरी पावणेपाचला खुर्चीत बसायचंच. मी एकटी उचलून बसवायचे. पाठीतून कळ जायची, पण बसवायचे. एकेचाळीस म्हणजे काही फार नाही हो… आपलं माणूस असलं की."

मिस्त्री ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या बोटांनी सेल उचकटून काढला. आणि मग त्याला बोर्डाच्या कडेला हिरवा दिवा दिसला. मिणमिणता, पण लागलेला. वायर भिंतीतच होती. बोर्डात वीज होती. अशा वेळी सेल काढून काही पुसलं जात नाही, उलट बोर्ड जळायची भीती. शिकाऊ पोरंही ही चूक करत नाहीत. त्याने खजील होऊन प्लग ओढला, आणि दिवा विझेपर्यंत दुसरीकडे बघत राहिला.

हातातला सेल त्याने मीटरला लावून पाहिला. आकडा शून्य. टोकं पुसून पुन्हा लावला. शून्यच.

तो थोडा थबकला. सेल मेलेला, आणि प्लग रोज झोपताना काढलेला. म्हणजे रोज या मशीनचं घड्याळ थांबायला हवं होतं. रोज दुपारी त्यावर कुठली तरी भलतीच तारीख दिसायला हवी होती. मग पावणेपाच कधी वाजले, हे त्याला कोण सांगत होतं?

विचार आला तसा गेला. इतका दमलेला माणूस विचार फार वेळ धरून ठेवू शकत नाही. त्याने सेल खिशात टाकला.

बोर्डावर तीन बारीक सुया असतात आणि त्यांतल्या दोन सुयांवर एक इवलीशी टोपी. ती टोपी उचलून पलीकडच्या जोडीवर ठेवली की राहिलेलं सगळं पुसलं जातं. त्याने ठेवली, थांबला, नवा सेल बसवला, प्लग लावला, बटण दाबलं. काहीच नाही. ना पंखा, ना आवाज. पुन्हा दाबलं. एका म्हातारीची एवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती आपण जाळली, असं त्याला स्पष्ट वाटलं.

"दादा?" लेक म्हणाली.

"एक मिनिट…"

आणि मग दिसलं. टोपी पलीकडेच राहिली होती. ती परत जागेवर आणायची तो विसरला होता. एका दुपारी दुसरी चूक. त्याने ती चिमट्याने उचलून ठेवली, बटण दाबलं, आणि मशीनने एक छोटा 'टी' असा आवाज दिला. पडद्यावर आलं, सेटिंगा पुसल्या गेल्या आहेत, तारीख पुन्हा लावा. खाली बोर्ड बनला तेव्हाची जुनी तारीख होती.

काकूंनी चष्मा सावरून ती वाचली. "हे कुठलं साल? तेव्हा तर हे ठणठणीत होते. सकाळी फिरायला जायचे."

मिस्त्रीने गडबडीने साल बदललं. काकू बघत राहिल्या, आणि एकेक वर्ष पुढे जाताना त्यांचे ओठ हलत होते.

मग तिसरं दुखणं निघालं. मशीन डिस्क ओळखेना. काकांनी डिस्कची काहीतरी वेगळी सेटिंग ठेवली असणार आणि तिचा फोटो मिस्त्रीने काढला नव्हता. हे करून बघ, ते करून बघ, यात दुपार गेली. शेवटी एकदाचं जमलं. फोटो शाबूत होते. आपोआप उठायची सेटिंग बंद होती. मिस्त्रीने मशीन बंद करून झाकण लावलं तेव्हा पावणेपाचला थोडाच अवकाश होता.

"थांबा जरा," लेक म्हणाली. "तिला बघू दे."

तिघंही थांबले. काकूंनी दोन कप चहा आणून ठेवला, एक आपल्यापुढे, एक उशीच्या खुर्चीपुढे. पावणेपाच झाले. पडदा काळाच राहिला. बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती होत नव्हती. लेकीने हलकेच आईच्या खांद्यावर हात ठेवला.

काकूंनी मशीनकडे पाहिलं. मग उशीच्या खुर्चीकडे. मग सावकाश मान वळवून मिस्त्रीकडे, त्याच्या चेहऱ्याकडे नाही, छातीकडे. तिथे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"सावकाश उतरा. जिना उभा आहे." आणि मग आवाज खाली आणून, "यांना दम लागतो."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री मान खाली घालून बाहेर पडला. काम झालं होतं, आणि आपण काहीतरी वाईट केलं असं त्याला वाटत होतं.

जिना उतरताना त्यालाच दम लागला. स्कूटरचं मागचं चाक बसल्यासारखं वाटलं म्हणून हवा दाबून पाहिली, हवा होती. वाटेत तो दुकानात थांबला. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर थोडा वेळ नुसता बसला, बरणीकडे पाहिलं, उठून सेल टाकायचाही कंटाळा आला. उद्या टाकू, म्हणून त्याने मेन स्विच पाडला आणि शटर ओढून घरी आला.

"सेल?" बायकोने दारातच हात पुढे केला.

त्याने खिशात हात घातला आणि सेल काढून दिला. तिने स्वतःच काटा उलटा करून तो बसवला. काट्यावर शून्य उमटलं आणि विझलं.

"चालला बाई एकदाचा," ती म्हणाली. "उद्या सकाळी उपाशीपोटी करते वजन." आणि तिने काटा नेहमीच्या जागी, कपाटाशेजारी सरकवून ठेवला.

*

दुसरा दिवस सुट्टीचा होता. सकाळी बायको वजन करायला विसरली. जेवून मिस्त्री आडवा झाला आणि जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. स्वयंपाकघरात बायको चहाचं आधण ठेवत होती. त्याला हलकं वाटत नव्हतं, पण ते नेहमीचंच होतं. तो कुशीवर वळला आणि त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

काटा लागलेला होता.

जवळ कोणी नव्हतं. काट्यावर काही नव्हतं. छोट्या निळ्या चौकोनात आकडे हलत होते. सदतीस. त्रेचाळीस. चाळीस. कोणीतरी तोल सावरत उभं राहावं, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर, तसे ते हलले, आणि मग थांबले.

एकेचाळीस.

मिस्त्रीने घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. खोलीत मलमाचा वास येत होता.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कोण आलंय? चहा तिघांचा ठेवू का?"

त्याने हात लांब करून पिशवी ओढली, छोट्या कप्प्यात बोटं घातली. एक पाकीट फोडलेलं, रिकामं. दुसरं सीलबंद. बायकोचा नवा सेल तसाच आत होता. मग काल तिने काट्यात घातला तो… आपण खिशातून काढून दिला तो…

तो खाट सोडून गुडघ्यांवर बसला आणि काटा उचलायला गेला. काटा जमिनीवरून हलला नाही. त्याने जोर लावला. आकडा थरथरला, पुन्हा एकेचाळीसवर आला. आणि त्याच्या अगदी डोक्यावर, उभ्या माणसाचं तोंड असेल तिथे, कोणीतरी दमून श्वास सोडला.

मिस्त्री घाबरला. पण खरं सांगायचं, तर त्या श्वासाने त्याला घाबरण्याआधी वाईट वाटलं. दमलेल्या माणसाचा श्वास तो ओळखत होता. तो रोज स्वतः तसाच सोडायचा.

"काका…" तो अगदी हळू म्हणाला. "माझी चूक झाली. मी तुम्हाला… चुकून आणलं. उतरा. घरी सोडतो."

काही क्षण काहीच झालं नाही. मग आकडा खाली आला, वीस, सात, शून्य. काटा विझला. मिस्त्रीने तो उलटा केला, आता तो सहज उलटला, आणि त्याने सेल काढून रुमालात बांधला.

"अहो, चहा?"

"आलोच," तो म्हणाला. "एकाला सोडून येतो."

स्कूटरवर बसला आणि लगेच किल्ली फिरवली नाही. थोडा थांबला. मागची सीट हलकेच खाली दबली. मग त्याने गाडी चालू केली आणि खड्डे चुकवत, एरवी कधी चालवली नव्हती इतकी सावकाश नेली. वळणावर त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "धरून बसा."

*

दार लेकीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते. आत भरलेल्या बॅगा ओळीने ठेवल्या होत्या.

"बरं झालं आलात, दादा. कालपासून जेवली नाही ती. बोलतही नाही. नुसती त्या खुर्चीत बसलीय. मी चूक केली का हो?"

"तुम्ही नाही," मिस्त्री म्हणाला. "मी केली."

काकू दोन खुर्च्यांपैकी आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. मिस्त्रीकडे नाही, त्याच्या खांद्यामागे, जरा खालच्या बाजूला, जिथे वाकलेल्या माणसाचं डोकं येईल तिथे त्यांनी पाहिलं.

"किती उशीर केलात," त्या म्हणाल्या. आणि पदराने उशीच्या खुर्चीवरची नसलेली धूळ झटकली.

मिस्त्री टेबलाशी बसला. झाकण उघडलं, कालचा नवा सेल काढला, रुमालाची गाठ सोडून जुना जागेवर बसवला. कुठली सेटिंग केली नाही. घड्याळ लावलं नाही. झाकण लावून हात मागे घेतो, तोच आतून 'टी' असा आवाज आला आणि पंखा घुमायला लागला. पडदा उजळला. पहिला फोटो आला: कुठल्यातरी पुलावर दोन तरुण माणसं, केस वाऱ्याने विस्कटलेले.

उशीच्या खुर्चीचा वेत करकरला. उशी मध्यभागी बसली.

"दादा…" लेक मागून म्हणाली. "दादा, हे बघा…"

मिस्त्रीने वळून पाहिलं. मशीन न्यायचं म्हणून तिने वायर गुंडाळायला घेतली होती. प्लग तिच्या हातात होता.

काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. फोटो बदलत होते आणि त्या प्रत्येकावर काहीतरी हळूच बोलत होत्या, मध्ये थांबत होत्या, ऐकत होत्या. एकदा तर चक्क लाजल्या. लेक बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग तिने वायर तशीच खाली ठेवली, एक बॅग उघडली आणि आईच्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागली. रडत होती, पण हात चालू होते.

मिस्त्री दाराकडे वळला. त्याला हायसं वाटलं. झालेली चूक त्याने निस्तरली होती. पायांत थोडी ताकदही आल्यासारखी वाटली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हे काहीतरी सांगतायत तुम्हाला." त्यांनी कान शेजारच्या खुर्चीकडे नेला. "हे म्हणतात, काल तुमच्या दुकानात आले होते. पण बसायला जागाच नव्हती."

"दुकानात?" मिस्त्री म्हणाला. "काल दुकानात… कोणी नव्हतं, काकू."

काकूंनी पुन्हा कान नेला. ऐकता ऐकता त्यांचं हसू मावळलं.

"म्हणतात, उभं राहायलाही नव्हती."

*

उजेड असतानाच तो दुकानात पोचला. मेन स्विच पाडलेलाच होता. त्याने शटर वर केलं आणि उंबऱ्यावर उभा राहून आत पाहिलं. टेबल, स्टूल, खोललेली मशिनं. आणि वरच्या फळीवर कॉफीची बरणी.

आत पाऊल टाकलं आणि खांदे खाली आले. नेहमीसारखे. इतकी वर्षं यायचे तसे.

ही बरणी तो झाडताना एका हाताने सरकवायचा. शेवटची कधी सरकवली, ते त्याला आठवेना. त्याने एक हात लावला. बरणी हलली नाही. दोन्ही हात लावून, पाय रोवून, दात आवळून उचलली. फळी कुरकुरली, बरणी जागची हलली नाही. काचेआड चपटे सेल एकावर एक रचलेले दिसत होते, सगळे सारखे, कुठला कुठल्या घरचा हे सांगायला कशावर काही नव्हतं.

तो मटकन स्टुलावर बसला. त्याला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त थकवा वाटत होता. पहिलं घर कुठलं होतं ते तो आठवायला लागला. एक बाई आठवली, जिने मशीन उघडताना तोंड फिरवलं होतं. एक बाप आठवला, मुलाच्या टेबलावरचा पसारा आवरू नका म्हणणारा. चेहरे आठवले. पत्ते आठवेनात.

फोन वाजला. बायको होती.

"कुठे आहात? चहाचं पार पाणी झालं."

"दुकानात. उशीर होईल मला."

"सुट्टीच्या दिवशी? कशाला?"

"काही लोकांना घरी सोडायचंय," तो म्हणाला. "किती आहेत… माहीत नाही अजून."

"काय? नीट ऐकू येत नाहीये."

मिस्त्रीने आजूबाजूला पाहिलं. रस्ता सुनसान होता. दुकानात पंखासुद्धा चालू नव्हता.

"मी म्हटलं, उशीर होईल."

"अहो, मोठ्याने बोला ना," बायको ओरडून म्हणाली. "आणि आधी त्या सगळ्यांना जरा गप्प बसायला सांगा. एकाच वेळी किती जण पत्ते सांगतायत!"